सभामंडपाचा तिसरा खांब

कुठल्याही गावात जा. निधीतलं काम संपलं की उरलेल्या पेव्हर ब्लॉकचा एक ढीग रस्त्याच्या कडेला पडलेला असतो. तो कुणी उचलत नाही. गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, म्हणतो, माझं काम संपलं. ग्रामपंचायत म्हणते, आमच्या ताब्यात दिलेलं नाही. मग त्यात गवत उगवतं, एखादी कोंबडी अंडी घालायला लागते, आणि दोन पावसाळ्यांनंतर तो ढीग तिथं पहिल्यापासूनच होता असं सगळ्यांना वाटू लागतं. माझ्याकडचे किस्से असेच साचले आहेत. सांगू की नको, हे अजून ठरत नाही. पण तुम्ही बसलाच आहात, तर सांगतो.

मी काँक्रीटवर पीएच.डी. केलेला माणूस. नांदेडला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर त्रयस्थ तपासणीचं काम घेतलं. आमदार-खासदारांच्या निधीतून गावात काही बांधलं की ना सरकारचा, ना गुत्तेदाराचा अशा तिसऱ्या माणसानं जाऊन ते पाहायचं आणि ‘काम झालं आहे, बरं झालं आहे’ असं लिहून द्यायचं. हा तिसरा माणूस म्हणजे मी. माझी सही झाल्याशिवाय बिल निघत नाही.

आम्ही तिघं फिरायचो. गाडी चालवायला खाजाभाई. सरकारच्या बाजूनं बिरादार, उदगीरचे, निवृत्तीला आलेले शाखा अभियंता, कपाळाला रोज भस्म. आणि मी, माझ्या रिबाउंड हॅमरसह. बिरादार त्याला हातोडी म्हणत. पण ती नळीसारखी असते, आत स्प्रिंग. खांबावर टेकवून दाबली की आतला ठोका बसतो आणि बाजूच्या पट्टीवर आकडा दिसतो. आकडा मोठा, काँक्रीट दणकट; तिसाच्या वर गेला की काम चांगलं. एक लक्षात ठेवा, पुढं लागेल. समोर काही टणक असल्याशिवाय ती ठोका देत नाही. हवेत कितीही दाबा, काही होत नाही.

माझ्या सगळ्या सह्यांमध्ये दोन खोट्या आहेत. ते शेवटी सांगतो. आधी थोडा धीर गोळा करू द्या.

*

पहिल्याच मार्च महिन्यात मी बिरादारांना विचारलं होतं, "या गावाला प्यायला पाणी नाही, आणि मंजुरी पेव्हर ब्लॉकला कशी?"

"सर, मार्चमध्ये गावाला काय पाहिजे हे बघत नसतात. काय लवकर वाळतं हे बघतात!"

मी म्हणालो, "बिरादार, काँक्रीट वाळत नसतं. त्याला पाणी पाजावं लागतं, अठ्ठावीस दिवसांनी पूर्ण ताकद येते."

"अठ्ठावीस दिवस काँक्रीटला लागतात सर. एकतीस तारखेला न्हाई लागत."

*

भोकरकडे एक स्वागत कमान होती. कमान रस्त्यावर बांधली, पण पुढं रस्ताच सरकला. नवा हायवे पलीकडून गेला, जुना रस्ता लोकांनी नांगरून टाकला, आणि कमान सोयाबीनच्या मधोमध उभी राहिली. वर मोठ्या अक्षरांत ‘सुस्वागतम्’. तिला जोड म्हणून दुसऱ्या टोकाला आणखी एक कमान मंजूर झाली होती. तीही सोयाबीनमध्ये! आम्ही ती तपासायला गेलो होतो.

शेतकरी बैलजोडी घेऊन आला. कमानीपाशी आल्यावर त्यानं कासरा सोडला. स्वतः कमानीखालून गेला. बैल मात्र दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडे गेले आणि त्याच्यासाठी थांबून राहिले.

मी विचारलं, "तुम्ही सरळ बाजूनं का जात नाही?"

तो म्हणाला, "कमान असताना बाजूनं जाणं बरं दिसत न्हाई सर."

"आणि बैल?"

त्यानं कमानीकडं पाहिलं, मग बैलांकडं. आवाज खाली आणून म्हणाला, "त्यायला काहीतरी दिसून राहिलंय."

खाजाभाई तेवढ्यात गाडी वळवून मोकळे झाले होते.

*

निलंग्याकडचा एक रस्ता. अंदाजपत्रकात कामांची नावं कशी असतात, तुम्हाला ठाऊक असेल. ‘अमुक यांचे घर ते तमुक यांचे घर सिमेंट रस्ता.’ आम्ही गेलो तर अमुक वारले होते, त्यांचं घर पडलं होतं. तमुक वारले होते, त्यांच्या घराच्या जागी बोरीचं झाड होतं. मधला रस्ता मात्र सुंदर. मी हॅमर लावला. इतका चांगला आकडा मला क्वचितच मिळाला असेल!

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नाही म्हणायला एक म्हातारे गृहस्थ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले, आणि परत आले.

"फिरायला चांगला झालाय," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"हाव. आता पुढंबी वाढवायलेत. यादीत आलंय. माझ्या घरापासून पुढं." त्यांनी बोरीच्या झाडाकडं बोट केलं.

"पुढं काय आहे?"

"मसणवटा." आणि ते पुन्हा वळून चालायला लागले.

*

मसणवट्यावरून आठवलं. एका गावात ओपन जिम मंजूर झाली. गावात सरकारी मोकळी जागा एकच, ती स्मशानभूमीची. मग जिम तिथंच! चितेच्या ओट्याला लागून सायकल, पलीकडे दोन पायांनी झुलत चालायचं यंत्र, त्याच्या शेजारी खांदे फिरवायचं चाक. सगळं पिवळं-निळं, चकचकीत.

आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती. वारा नव्हता. खाजाभाई गाडीतून उतरेनात.

"काय झालं?"

"सर, तुम्ही बघून या. म्या इथनंच बघतो. आधी त्याची कसरत होऊ द्या."

चालायच्या यंत्राचे दोन्ही पाय एकाआड एक पुढं-मागं होत होते. घाई नाही, थांबणं नाही, रोजची सवय असल्यासारखे. मी म्हणालो, बेअरिंग नवीन आहे, कुणी आत्ताच उतरून गेलं असेल. बिरादारांनी आजूबाजूला पाहिलं. उतरून जायला कुणी नव्हतंच.

मी अहवालात ‘साहित्य विनाअडथळा चालते’ असं लिहिलं. ते खोटं नव्हतं.

*

औसा तालुक्यातलं एक गाव भूकंपानंतर उठून पलीकडे नव्या जागी गेलं. जुन्या जागी बाभळी आणि दगडांचे ढीग राहिले. त्या जुन्या जागेवर, दगडांच्या बरोबर मध्ये, उंच खांबावर चार-सहा दिव्यांचा एक हायमास्ट उभा केलेला. टायमर उलटा लागलेला, त्यामुळे रात्री बंद आणि दिवसा चालू! आम्ही सकाळी अकरा वाजता पोचलो. ऊन कडक होतं. दिवेही पेटलेले होते. प्रत्येक बाभळीला दोन-दोन सावल्या पडल्या होत्या. तितकं अस्वस्थ मला कुठल्याच अंधारात वाटलेलं नाही.

नव्या गावचे सरपंच सोबत होते. ते शपथेवर सांगत होते, "आम्ही मागितला न्हाई सर. आम्ही नव्या गावात मागितला होता, तो आलाच न्हाई."

बिरादारांनी फाईल उघडली. आत अर्ज होता. चांगल्या वळणदार अक्षरात, जुन्या गावाच्या पत्त्यावरून. ‘आमच्या गावात फार अंधार असतो.’ खाली ‘समस्त गावकरी’.

सरपंचांनी अर्ज दोनदा वाचला. "हे आमच्यातल्या कुणाचं अक्षर न्हाई," ते म्हणाले. मग दगडांच्या ढिगांकडं बघत राहिले.

मी बिरादारांना बाजूला घेतलं. "अहो, मग अर्ज केला कुणी?"

"सर, अर्ज आला, काम झालं. कुणी केला असा फॉर्ममध्ये कॉलम न्हाई."

*

आता ते सांगतो.

देवणी तालुक्यात एकाच गुत्तेदाराकडे तीन गावांचे तीन सभामंडप होते. आम्ही ते वर्षभरात तीन वेळा जाऊन, दर वेळी एक, असे तपासले. प्रत्येक वेळी गुत्तेदाराचा माणूस मोटरसायकलवर पुढं आणि आमची गाडी मागं. एकदा उदगीरकडून गेलो, एकदा निलंग्याकडून, एकदा कर्नाटकाच्या हद्दीतून वळसा घेऊन. पहिला मंडप भगवा, दुसरा निळा, तिसरा पांढरा. दारात उभं राहून, गावाच्या नावाचा फलक हातात धरून माझा फोटो.

माझी एक सवय आहे. हॅमर लावायचा तो नेहमी तिसऱ्या खांबाला. पहिल्या दोन खांबांची काळजी गुत्तेदार घेतोच. खरं काय ते तिसरा सांगतो. त्यावर आधी पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, कोपऱ्यात तारीख टाकायची, मग ठोके.

भगव्या मंडपात तिसऱ्या खांबाला टेकून एक आजी ज्वारी निवडत बसली होती. तिला उठवावं लागलं. निळ्या मंडपातही तिसऱ्या खांबाला एक आजी होती. मला वाटलं, प्रत्येक गावात अशी एक आजी असतेच. माणूस शिकलेला असला की त्याला सामान्य नियम फार लवकर सापडतात!

पांढऱ्या मंडपातली आजी मात्र सुपातून मान वर करून म्हणाली, "आले का सर पुन्हा?"

मी खांबाजवळ गेलो. नखानं पांढरा रंग खरवडला. आत निळा. निळा खरवडला. आत भगवा. आणि दोन्ही थरांवर पेन्सिलीच्या चौकटी, कोपऱ्यात तारीख. अक्षर माझं.

गुत्तेदार हसत उभा होता. जेवणाची सोय झाली होती. बिरादार छताकडं बघत होते. आणि मी काय विचार केला, सांगू? मला वाटलं, माझंच चुकत असेल. चौकटी कुणीही आखतो. तारखेतला सात तर सगळेच मधे रेघ मारून काढतात. हाताला कंप आहे, नजर कमी झाली आहे, वय झालंय. एवढ्या लोकांपुढं एका म्हाताऱ्यानं काय म्हणायचं? आयुष्यभर मी असाच. माझ्या डोळ्यांपुढं दिसलेल्या गोष्टीवरही मला दुसऱ्या कुणाची सही लागते.

मी सही केली.

परतताना मी म्हणालो, "खाजाभाई, तिन्ही वेळा आपण एकाच गावात आलो का हो?"

खाजाभाईंनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. "हाव सर."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तुम्हाला ठाऊकच हाय!"

*

त्यानंतर झोप उडाली. मी कार्यालयाला पत्र लिहिलं. दोन गावांतले मंडप प्रत्यक्षात आहेत की नाहीत, याची फेरतपासणी व्हावी. तेवढंही लिहायला मला आठवडा लागला.

महिन्याभरानं बिरादारांचा फोन. "सर, अभिनंदन! तुमच्या मंडपांना दुरुस्ती मंजूर झाली."

"अहो, जे नाहीतच त्यांना दुरुस्ती कसली?"

"त्रयस्थाचं पत्र आलं की दुरुस्तीच्या फायलीला लागतं सर. त्याला दुसरी फाईलच न्हाई. आन् दुरुस्तीची तपासणीबी तुमच्याकडंच."

मग बिरादार एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, "सर, अजून एक हाय. ते तिसरं गाव, तुमच्या कागदावरचा पांढरा मंडप. तिथल्या शाळेच्या खोल्या धोकादायक ठरल्यात. वरून पत्र निघालंय, गावात सभामंडप उपलब्ध असून तो सुस्थितीत आहे, सबब वर्ग तिथं भरवावेत. खाली तुमच्या अहवालाचा संदर्भ हाय."

"मग पोरं कुठं बसतात?"

"मंडपात," बिरादार म्हणाले, आणि फोन ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी मी आणि खाजाभाई दोघंच निघालो. पिशवीत हॅमर होता, तो सवयीनं घेतलेला. या वेळी मोटरसायकल पुढं नव्हती, म्हणून आयुष्यात प्रथमच मी त्या खऱ्या गावात पोचलो.

शाळेच्या पलीकडं मोकळं मैदान. कडेला एका लोखंडी दांड्यावर सभामंडपाचा फलक, निधी, वर्ष, सगळं नीट लिहिलेलं. फलकामागं काही नाही. उन्हात पोरं ओळीनं बसलेली, डोक्यावर दप्तरं धरून. आणि त्यांच्या चपला! मैदानाच्या एका कडेनं सरळ रेषेत मांडलेल्या, रेष कुठंही वाकडी नाही. मी दोन पावलं पुढं टाकली तशी पहिल्या ओळीतली एक मुलगी ओरडली, "सर, चप्पल! मंडपात चप्पल चालत न्हाई!"

मी चप्पल काढली. मास्तर जवळ आले. तरुण होते, पण दमलेले.

"त्या लिंबाखाली तरी बसवा हो यांना," मी म्हणालो.

"कसं बसवू सर? वरचं पत्र मंडपाचं हाय. कवा कोण तपासायला येईल सांगता येत न्हाई. आम्ही मंडपात बसलेलो दिसलो पाहिजे. परवा एका पोराला ऊन लागून चक्कर आली. कळवलं वर. उत्तर आलं, मंडपाला छत असल्याने उन्हाचा प्रश्न उद्भवत नाही."

मी त्यांना शेरेबुक मागितलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाहुणा आला की त्यात शेरा लिहून सही करायची पद्धत असते. मी लिहिलं. ‘येथे सभामंडप नाही. छत नाही. माझा अहवाल खोटा आहे.’ आणि सही केली. मास्तरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पोरांकडं वळून म्हणाले, "उठा रे. लिंबाखाली चला."

पोरं चपलांकडं पळाली. क्षणात मैदान रिकामं झालं.

पूर्ण रिकामं नाही. मागं ती मंडपातली आजी ज्वारी निवडत बसली होती.

"ही आजी..." मी म्हणालो.

"आमच्याच गावची. रोज इथंच बसते," मास्तर म्हणाले. "गुडघे गेलेत, गाव सोडून कधी कुठं गेली न्हाई."

मी इंजिनिअर आहे. मला कोन दिसतात. ती पाय पसरून, मागं रेलून बसली होती. दोन्ही हात सुपात. त्या कोनात पाठीला आधार असल्याशिवाय माणूस बसू शकत नाही. आणि तिच्या पाठीमागं मोकळं मैदान होतं.

ती माझ्याकडं बघून ओळखीचं हसली.

"आले का सर पुन्हा? काय लिहिलं वहीत?"

"मंडप नाही असं लिहिलं, आजी."

"हाय म्हणून लिहिलं तवा इथं येऊन हातोडी लावली न्हाई. न्हाई म्हणून लिहिलं तवाबी लावली न्हाई." सूप झटकत ती जराशी बाजूला सरकली, खांब मोकळा करून द्यावा तशी. "एवढे शिकलेले तुम्ही. लावून तर बघा की."

मी मागं पाहिलं. खाजाभाई चपलांच्या रेषेपलीकडं उभे होते. ते मान हलवून नको म्हणत होते.

मी पिशवीतून हॅमर काढला. तिच्या पाठीमागच्या जागेवर, छातीच्या उंचीला, आडवा धरला आणि दाबला.

ठोका बसला. पट्टीवर बत्तीस आकडा होता.